ट्यूबलाइटच्या पट्ट्या, आजोबांच्या कॅसेटी आणि लायब्ररी कुठली घ्यायची

पत्र:

"ताई, मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरी बाबांचं काजूचं छोटं युनिट आहे, पंधरा-सोळा बायका टेबलावर बसून गर निवडतात. कॅमेऱ्याने फोटो काढून गराची साइज आणि डाग ओळखायचे असा प्रोजेक्ट घेतलाय. सर म्हणतात मॅटलॅब, मैत्रीण म्हणते ओपनसीव्ही, सीनिअर म्हणतो आता सगळं योलोवरच होतं, तू मागे राहशील. शिवाय आजोबांनी टेप केलेल्या घुमट आरतीच्या (घुमट म्हणजे आमचं मातीचं तालवाद्य) कॅसेटी आहेत, त्यात सतत घूं असा आवाज येतो तो काढायचाय, त्याला परत वेगळी लायब्ररी. तीन आठवडे नुसत्या तुलना वाचतेय, कोडची एक ओळ लिहिलेली नाही. बाबा म्हणतात चाललं तर आजूबाजूच्या युनिटांना पण विकूया. मी नक्की काय शिकू? — गोंधळलेली, वाळपई"

अगं बाय, पत्र दोनदा वाचलं. बाकी वाचणाऱ्यांसाठी सांगते, मॅटलॅब हे गणिताचं विकतचं सॉफ्टवेअर, ओपनसीव्ही ही फोटो तपासायची लायब्ररी, आणि योलो हे फोटोतल्या वस्तू ओळखायला शिकवता येणारं मॉडेल. तुझे सर, मैत्रीण आणि सीनिअर तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, पण त्यांच्यातल्या एकानेही तुझं टेबल बघितलेलं नाही ना. मॅटलॅब सांगणाऱ्या सरांच्या डोळ्यासमोर कॉलेजची लॅब आहे, योलो सांगणाऱ्याच्या डोळ्यासमोर त्याचा गेमिंग लॅपटॉप आहे, आणि तुझी गोष्ट चालणार आहे कुठे तर वाळपईला, युनिटमध्ये, जिथे नेट असेल-नसेल, पावसात लाइट जाईल, आणि समोर बसलेल्या बाईला बटण दाबल्यावर "हा गर इकडे, तो तिकडे" एवढंच हवंय. म्हणून माझं म्हणणं असं की लायब्ररीची, म्हणजे आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरायच्या तयार कोडच्या संचाची, निवड त्या टेबलापासून उलटी करत यायची, आधी तिथे कुठलं मशीन बसणार, ते कोण वापरणार, बिघडलं तर कोण बघणार, आणि मग त्याला काय झेपेल ते.

आधी माझीच एक चूक सांगते, कारण तू नेमकी त्याच वाटेवर आहेस. काही वर्षांपूर्वी एका युनिटसाठी (नाव नको) सरकत्या पट्ट्यावरून जाणाऱ्या मालाचे फोटो काढून डाग शोधायचं काम मी घेतलं होतं. फोटोत आडव्या काळपट पट्ट्या यायच्या, कधी वर कधी खाली, प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी, आणि माझा प्रोग्रॅम त्या पट्टीतल्या सगळ्या मालाला "डागी" म्हणायचा. मला वाटलं आपला फिल्टर चुकतोय. ओपनसीव्हीतून सायकिट-इमेज या फोटोच्याच दुसऱ्या लायब्ररीवर गेले, तिथून परत आले, एक-दोन जास्तीची पॅकेजं घातली, दोन आठवडे गेले. शेवटी तिथला वायरमन सहज म्हणाला की मॅडम, ट्यूब बंद करून उन्हात काढून बघा. पट्ट्या गायब! आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 50 आवर्तनांची, आणि साध्या चोकवाल्या ट्यूबचा उजेड दर आवर्तनात दोनदा, म्हणजे सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतो, आपल्या डोळ्याला ते कळत नाही, पण आजकालचे बहुतेक स्वस्त कॅमेरे फोटो एका दमात न घेता ओळी-ओळीने वरून खाली घेतात, त्यामुळे काही ओळी उजेडाच्या वेळी घेतल्या जातात आणि काही अंधाराच्या. मी एक्सपोजर, म्हणजे उजेड आत घ्यायचा वेळ, ठेवलं होतं सेकंदाचा हजारावा भाग. ते शंभरावा किंवा पन्नासावा भाग केलं की प्रत्येक ओळीला उजेडाचं अख्खं आवर्तन मिळतं आणि पट्ट्या जातात. फक्त पट्टा चालू असेल तर एवढ्या वेळात माल पुढे सरकतो आणि फोटो पुसट येतो, म्हणून आम्ही शेवटी डीसी सप्लायवर चालणारी एलईडी लावली. थोडक्यात, जे दोन आठवडे मी लायब्ररीवर घालवले ते खरं तर बल्बचं काम होतं.

आता गंमत बघ, तुझ्या आजोबांच्या कॅसेटीतला घूं आवाज आहे ना, तो पण बहुतेक तोच, तीच 50 हर्ट्झची वीज, अर्थिंग नीट नसलेल्या टेपरेकॉर्डरमधून आत शिरलेली. म्हणजे तू ज्याला दोन वेगळे प्रोजेक्ट समजतेस त्या दोन्हींच्या मुळाशी एकच वायर आहे. फोटो म्हणजे आडवा-उभा पसरलेला सिग्नल आणि आवाज म्हणजे वेळेत पसरलेला सिग्नल, पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत दोन्ही शेवटी आकड्यांचे तक्ते, म्हणजे नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीचे अ‍ॅरेच असतात. म्हणून शिकायचं पहिलं काय तर नमपाय. ते नीट आलं तर वरची लायब्ररी बदलायला दोन दिवस लागतात, नाही आलं तर कुठलीही घे, रोज अडशील.

नमपायमध्ये नवीन माणूस हमखास अडकतो ती जागा दाखवते, ही तू आज रात्रीच करून बघ. फोटोतला प्रत्येक आकडा 0 ते 255 मधला, आठ बिटांचा. फोटो थोडा उजळ करायला समज तू अख्ख्या फोटोत 100 मिळवलेस, तर जिथे 200 होतं तिथे 300 व्हायला पाहिजे, पण आठ बिटांत 300 मावतच नाही, त्यामुळे नमपाय 256 वजा करून तिथे 44 ठेवतं, आणि पांढराशुभ्र गर काळा पडतो, आणि कुठेही एरर येत नाही. हीच बेरीज ओपनसीव्हीच्या अ‍ॅड फंक्शनने केलीस तर तो 255 वर थांबतो. दोघांचंही उत्तर आपापल्या नियमाने बरोबर, पण तुला हा फरक माहीत नसेल तर आपला कॅमेरा खराब आहे असं समजून बसशील.

तसंच रंगाचं. ओपनसीव्ही फोटो वाचताना निळा-हिरवा-लाल या क्रमाने ठेवतं, बाकीचे जवळजवळ सगळे लाल-हिरवा-निळा. तुझ्या कामात तर जीवच रंगात आहे, भाजताना करपलेला तपकिरी गर आणि पांढरा गर यातलाच फरक ओळखायचाय. करपलेल्या गराचा एक ठिपका घे, लाल 180, हिरवा 100, निळा 50. ओपनसीव्हीत त्याचा नीट ग्रे केलास, म्हणजे तीन रंगांचा मिळून उजेडाचा एकच आकडा केलास, तर साधारण 118 येतं. क्रम उलटा धरून केलास तर 94. आणि सायकिट-इमेजमध्ये अगदी बरोबर क्रमाने केलास तरी 118 येतच नाही, 113 च्या आसपास येतं, कारण लाल-हिरव्या-निळ्याला किती वजन द्यायचं ते दोघांनी वेगवेगळं ठरवलंय, ओपनसीव्ही हिरव्याला 0.587 देतं आणि सायकिट-इमेज 0.7154. वर सायकिट-इमेज तो आकडा 0 ते 1 मध्ये देतं, म्हणजे तुला 0.44 दिसेल. आता विचार कर, तू इकडे 115 ची रेषा ठरवलीस की याच्या खाली म्हणजे करपलेला, आणि मग मैत्रिणीचं ऐकून लायब्ररी बदललीस, तर तोच गर रेषेच्या या बाजूचा त्या बाजूला जातो. म्हणून एकदा निवडलीस की एका प्रोजेक्टात तीच धर, अर्धं इकडचं अर्धं तिकडचं करू नकोस, आणि करावंच लागलं तर जिथे जोड येतो तिथे रंगाचा क्रम आणि आकड्याचा टाइप छापून बघ.

आता सरळ उत्तर. काजूच्या कामाला ओपनसीव्ही घे. 1999 मध्ये इंटेलमध्ये सुरू झालेला प्रोजेक्ट आहे तो, आतून सी++ मध्ये लिहिलेला, त्यामुळे साध्या जुन्या कॉम्प्युटरवर किंवा रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर पण बऱ्यापैकी पळतो, कॅमेरा थेट जोडता येतो, आणि अडलीस तर तुझ्या आधी कोणीतरी तिथेच अडलेलं सापडतं. सायकिट-इमेज मला स्वतःला वाचायला जास्त आवडतं, त्याची उदाहरणं फार सुंदर लिहिलीत, एखादी पद्धत समजून घ्यायची असली की मी आधी तिकडे जाते, त्यातलं रीजनप्रॉप्स तर एका फटक्यात प्रत्येक तुकड्याचं क्षेत्रफळ, लांबी, रुंदी सगळं देतं, रिपोर्टासाठी वापर खुशाल. पण वेगात बहुतेक कामांत ते ओपनसीव्हीच्या मागे राहतं, आणि तुझ्या टेबलावर बाई थांबलेली असणार. पिलो ही अजून एक लायब्ररी, पण ती फक्त फोटो उघडणं, आकार बदलणं, सेव्ह करणं एवढ्यापुरतं. त्यात रुंदी आधी येते आणि उंची नंतर, नमपायमध्ये उलटं, तेवढं ध्यानात ठेव.

योलोचं. सीनिअर चुकीचं सांगत नाही, पण तुझ्या टेबलावर काय आहे ते बघ ना, पांढरे गर आहेत, मागचं कापड तू ठरवणार, उजेड तू ठरवणार, कॅमेरा हलणार नाही. निळं कापड अंथर, मग ओत्सूची पद्धत, जी 1979 ची आहे, ती कापड आणि गर एका ओळीत वेगळे करते. चिकटलेले गर सुटे करायला वॉटरशेड आहे. मग क्षेत्रफळ मोज. यात शिकवायला हजार फोटो नकोत, त्यावर चौकोन काढत बसायला नको, ग्राफिक्स कार्ड नको, आणि उत्तर चुकलं तर का चुकलं ते बोट ठेवून दाखवता येतं. पुढे जाऊन किडका गर, आतून काळा पडलेला, साल अर्धवट राहिलेली असं बारीक ओळखायचं झालं तेव्हा मॉडेल शिकवायचा विचार कर, तिथे खरंच हे साधे उपाय कमी पडतात.

आणि इथेच बाबांच्या "विकूया"ची गोष्ट येते, ही मी जरा थांबून सांगते कारण मुलं लायसन्स वाचतच नाहीत. ओपनसीव्ही 4.5 पासून अपाचे लायसन्सखाली आहे, सायकिट-इमेज, नमपाय आणि सायपाय (आवाजासारख्या सिग्नलच्या गणिताची लायब्ररी) बीएसडी खाली, म्हणजे यांच्यावर बांधलेलं तू विकू शकतेस, आपला कोड उघडा करायची सक्ती नाही, फक्त त्यांची लायसन्सची नोटीस सोबत ठेवायची. पण अल्ट्रालिटिक्स कंपनीचं योलो, जे तुझा सीनिअर बहुतेक वापरतो, ते एजीपीएल खाली आहे. ते घालून तू शेजारच्या युनिटला प्रोग्रॅम दिलास तर तुझा कोड पण त्याच अटीवर उघडा द्यावा लागतो, नाहीतर त्यांचं पैशाचं लायसन्स घ्यावं लागतं. वाईट काही नाही त्यात, त्यांनी मेहनत केलीय, अट घालायचा हक्क आहे, पण सगळं बनवून झाल्यावर हे कळणं फार महागात पडतं. एफएफटीडब्ल्यूचं पण तसंच, सिग्नलमध्ये कुठली कंपनं किती आहेत ते काढणारी एमआयटीतली फार उत्तम लायब्ररी, पण जीपीएल खाली, विकायच्या बंद प्रोग्रॅममध्ये घालायची तर वेगळं लायसन्स घ्यावं लागतं. तुला ती लागणारच नाही, सायपायमध्ये तेच काम करणारी पॉकेटएफएफटी आतच आहे आणि तुझ्या कामाला ती भरपूर झाली. दोन फोटोंतल्या खुणा जुळवायची सिफ्ट नावाची पद्धत तर तिच्या पेटंटमुळे कित्येक वर्षं ओपनसीव्हीच्या मुख्य भागाबाहेर होती, 2020 मध्ये पेटंट संपलं आणि 4.4 मध्ये ती आत आली. सांगायचं कारण, जुन्या लेखात "हे वापरू नका, पेटंट आहे" असं वाचलंस तर लेखाची तारीख बघ.

मॅटलॅबबद्दल सरांशी भांडू नकोस. कॉलेजात आहे तर त्यावर शीक, त्याची सिग्नलची डॉक्युमेंटेशन मी अजून उघडून वाचते इतकी नीट आहे, फिल्टर काय करतो ते चित्रात दिसतं. पण कॉलेजचं लायसन्स शिकण्यासाठी असतं, बाबांच्या धंद्यात ते चालणार नाही, आणि विकत घ्यायचं तर मुख्य प्रोग्रॅम वेगळा, इमेजचा टूलबॉक्स वेगळा, सिग्नलचा वेगळा. घरी सराव करायला ऑक्टेव्ह फुकट आहे, बरीचशी मॅटलॅबची भाषा त्यात चालते, फक्त सिग्नल आणि इमेजची पॅकेजं आधी लोड करावी लागतात. सरांना प्रोजेक्टात मॅटलॅब दाखवायचंच असेल तर एक प्रकरण त्यात कर, फिल्टरचं डिझाइन वगैरे, आणि चालणारं यंत्र पायथनमध्ये. तिथून इथे कोड आणताना मॅटलॅब एकपासून मोजतं आणि पायथन शून्यापासून, अर्धी डोकेदुखी त्यातूनच होते.

एक बारीक पण तुला नक्की भेटणारी गोष्ट. तू विंडोजवर असशील आणि फोल्डरचं नाव मराठीत, "काजू फोटो" असं ठेवलं असशील, तर ओपनसीव्हीचं फोटो वाचायचं फंक्शन, इमरीड, तो फोटो उघडणारच नाही, आणि एररही न देता गुपचूप "नन" (म्हणजे काहीच नाही) परत करेल, मग चार ओळी पुढे कुठेतरी भलताच एरर येईल आणि तू तिथे शोधत बसशील. देवनागरी नाव ठेवायचंच असेल तर फाइल नमपायच्या फ्रॉमफाइलने बाइटमध्ये वाच आणि ओपनसीव्हीच्या इमडीकोडला दे, चालतं. आणि काही झालं तरी फोटो वाचल्यावर पहिली ओळ हीच की तो रिकामा तर नाही. मला हे कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून सांगतेय.

साइजचं गणित तुला घरातूनच माहीत असेल, पण प्रोग्रॅमच्या बाजूने बघ. डब्ल्यू 320 ही अख्ख्या पांढऱ्या गराची प्रत, म्हणजे एका पौंडात जास्तीत जास्त 320 गर, पौंड म्हणजे 454 ग्रॅम, म्हणजे एक गर साधारण 1.4 ग्रॅमचा. डब्ल्यू 240 चा साधारण 1.9 ग्रॅमचा. कॅमेऱ्याला वजन दिसत नाही, क्षेत्रफळ दिसतं, त्यामुळे तुला क्षेत्रफळावरून वजनाचा अंदाज बांधायला लागणार, आणि तो अंदाज कुठलीही लायब्ररी देत नाही, तो तुझ्या आईबरोबर बसून बांधायचा. शंभर गर घे, प्रत्येक एकेक करून बारीक तराजूवर तोल, प्रत्येकाचा फोटो काढ, फोटोत कोपऱ्यात एक रुपयाचं नाणं ठेव म्हणजे किती पिक्सेल म्हणजे किती मिलिमीटर ते कळेल, आणि आलेख काढ. पाकळ्या (गराचे उभे अर्धे भाग) आणि तुकडे वेगळे ठेव, पाकळी आडवी पडली की वरून अख्ख्या गरासारखीच दिसते, तिची जाडी अर्धी असते आणि ते वरच्या फोटोत कळत नाही. इथे तू अडशील. मग कॅमेरा जरा तिरका लावायचा, की बाजूने उजेड टाकून सावलीची लांबी मोजायची, हे तुझ्या प्रोजेक्टातलं खरं संशोधन आहे, आणि तुझी सगळी हुशारी तिथे लागू दे. वर्षानुवर्षं गर निवडणाऱ्या बाईला विचार की ती पाकळी कशी ओळखते. ती बोटाने ओळखते की नजरेने, तेवढं जरी कळलं तरी पुष्कळ.

आता कॅसेटी, आणि खरं सांगते, तुझ्या पत्रातला मला सगळ्यात जवळचा भाग हाच. घुमट, शामेळ हे तालवाद्य आणि कासाळे म्हणजे झांजा, आणि चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) रात्री एका घरातून दुसऱ्या घरात जाणारा तो आवाज. घोरपडीच्या कातड्याचं घुमट आता बंद झालं, बकरीचं कातडं लावतात, त्यामुळे आजोबांच्या जुन्या टेपमध्ये जो घुमका आहे तो आता कदाचित फक्त त्याच टेपमध्ये असेल. म्हणून इथे जास्त जपून.

याला सायपाय पुरे, त्यातलं सिग्नल मॉड्यूल, आणि फाइल वाचायला साउंडफाइल. लिब्रोसा खूप छान आहे, ताल शोधायला, आवाजाचं चित्र काढायला, पण तिच्यात एक सापळा आहे, तू काही न सांगता फाइल लोड केलीस तर ती आपणहून सेकंदाला 22,050 नमुन्यांवर उतरवते आणि दोन्ही चॅनल मिसळून एक करते. 22,050 म्हणजे 11,025 हर्ट्झच्या वरचं सगळं गेलं, आणि कासाळ्यांची किणकिण तिथेही वरपर्यंत जाते. तू तीच फाइल परत सेव्ह केलीस तर आजोबांची कासाळी कायमची बोथट झाली. लोड करताना एसआर = नन आणि मोनो = फॉल्स लिही, मग ती काही छेडत नाही.

घूं काढायला कोणीतरी तुला सांगेल की 150 हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाक. करू नकोस! घुमटाचा भरीवपणा खालच्याच भागात आहे, ते कापलंस तर आरती पत्र्याच्या डब्यावर वाजवल्यासारखी लागेल. तिथे नॉच फिल्टर लागतो, म्हणजे नेमकी एक बारीक फट, 50 वर एक, 100 वर एक, 150 वर एक, बाकी सगळं तसंच. सायपायमध्ये आयआयआरनॉच आहे, त्यात क्यू, म्हणजे फट किती अरुंद ते ठरवणारा आकडा, 30 ठेवलास तर 50 वरची फट साधारण 1.7 हर्ट्झ रुंद होते, म्हणजे 49.2 ते 50.8 एवढीच. आणि फिल्टफिल्टने लाव, ते पुढून आणि मागून दोनदा फिरवतं, त्यामुळे ताल जागचा हलत नाही.

पण आधी बघ की घूं खरंच 50 वर आहे का. टेपरेकॉर्डरच्या मोटारीचा वेग कधीच अगदी अचूक नसतो. आजोबांनी टेप केलं तेव्हाच घूं आत गेला असेल आणि आता तुझा डेक दोन टक्के जास्त वेगाने फिरत असेल, तर तो 50 चा 51 झाला, आणि तुझी फट 50.8 ला संपते, म्हणजे तू फिल्टर लावणार आणि घूं बाजूने हसत निघून जाणार. उलट घूं आत्ता वाजवताना तुझ्या घरच्या वायरिंगमधून येत असेल तर तो बरोबर 50 लाच सापडेल. दोन्ही एकत्र पण असू शकतात. म्हणून गाणं सुरू होण्याआधीचा, नुसता घूं असलेला दहा-पंधरा सेकंदांचा तुकडा घे, सायपायमधल्या वेल्च फंक्शनने कुठल्या हर्ट्झला किती आवाज आहे त्याचं चित्र काढ, आणि वेल्च त्या तुकड्याचे जे छोटे भाग पाडतं त्यांची लांबी निदान दोन सेकंद ठेव, 48,000 ला म्हणजे 96,000 नमुने, तेव्हाच तुला अर्ध्या हर्ट्झचा फरक दिसेल. वेल्चची मुळातली लांबी 256 नमुन्यांची आहे, तशीच सोडलीस तर चित्रातला एकेक खण 187.5 हर्ट्झचा होतो, मग 50 आणि 51 सोड, घूं आणि घुमट पण एकाच खणात पडतील. आणि 51 सापडला तर फिल्टर हलवत बसण्यापेक्षा आधी वेगच दुरुस्त कर, म्हणजे आजोबांचा सूर पण जागेवर येईल.

बाकी पटापट. पायथनची अगदी ताजी आवृत्ती घेऊ नकोस, लायब्रऱ्या तिला जुळवून घ्यायला वेळ लावतात, जून 2024 ला नमपाय 2.0 आलं तेव्हा कितीतरी जुनी पॅकेजं अडली. चाललं की सगळ्या आवृत्त्यांचे नंबर एका फाइलीत लिहून ठेव. ओपनसीव्हीची साधी, कॉन्ट्रिब आणि हेडलेस अशी वेगवेगळी पॅकेजं मिळतात, एकच टाक, दोन एकत्र टाकलीस की एकमेकांवर बसतात, आणि हेडलेसमध्ये खिडकी उघडत नाही, त्यात बिघाड समजू नकोस. रास्पबेरी पाय च्या नव्या सिस्टीमवर पिप (पायथनच्या लायब्रऱ्या उतरवून बसवणारं साधन) थेट टाकायला देत नाही, आधी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे प्रोजेक्टाचा वेगळा कप्पा, कर. युनिटमध्ये नेट नसेल तर पिप डाउनलोडने सगळं पेनड्राइव्हवर घेऊन जा, फक्त तिथल्या मशीनशी आणि पायथनशी जुळणारं घे.

या आठवड्यात काय करायचं ते सांगते. काजूचे वीस फोटो काढ, निळ्या कापडावर, आहे त्या ट्यूबखाली दहा आणि खिडकीजवळ दहा, आणि त्यावर ओपनसीव्हीत फक्त गर मोजून दाखव, बाकी काही नको. मोजणी चुकली तर ते फोटो आणि तुझा कोड मला पाठव, मी बघते.

पण त्याच्याही आधी कॅसेटी. एप्रिल अर्धा संपलाय, आणि सत्तरीच्या पावसात कपाटातल्या टेपला बुरशी धरायला वेळ लागत नाही. कॅसेटच्या काचेतून रिळाच्या कडेला पांढरे ठिपके दिसत असतील तर ती डेकमध्ये घालूच नकोस, बाजूला ठेव, ती दुसऱ्या टेपना पण लागते. बाकीच्यांसाठी डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाने पूस, सलग वाजव, सेकंदाला 48,000 नमुने आणि 24 बिटांत वेव्ह फाइल म्हणून साठव, एमपीथ्री नको, फिल्टर नको, आवाज कमी-जास्त पण नको. दोन कॉपी, एक तुझ्याकडे, एक दुसऱ्या घरी. घूं त्यात राहू दे, तो पावसाळाभर आरामात काढता येईल. आणि आजोबा असतील तर टेप वाजत असताना त्यांना शेजारी बसव, कोण गातंय, घुमट कोणाच्या हातात आहे, कुठल्या वर्षीची चवथ, ते फाइलच्या नावात घाल, मराठीत घातलंस तरी चालेल, साउंडफाइल त्यावरून अडत नाही.